धसका आणि त्यानंतरचे दिवस

भय वाटते, राग येतो, दुःख होते. धसका मात्र घेतला जातो. आपल्या भाषेने हा भेद केव्हा केला कोण जाणे, पण ज्याने केला त्याला मनाची उत्तम पारख असली पाहिजे. वाटलेली गोष्ट वाटेनाशी होते, आलेली निघून जाते. घेतलेली मात्र जवळ राहते आणि आपल्याबरोबर घरी येते. वऱ्हाडात आपण हेच याहून थोडक्यात सांगतो. रात्री शेतावर गेलेला माणूस काही भयंकर सोसून परत येतो, त्याच्या जखमा भरतात, तो हिंडूफिरू लागतो, आणि तरीही घरची म्हातारी म्हणते, 'तो आता पह्यल्यासारखा नाई राह्यला.' या एका वाक्यात काय काय सांगितले गेले त्याचा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वैद्यकाच्या भाषेत या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. पीटीएसडी हे त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नावही आता वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळते. दोन्ही नावे जिभेला जड आहेत, म्हणून आम्ही येथे धसका हाच शब्द चालवणार आहोत. मात्र त्याच्या सीमा आरंभीच आखून घेतल्या पाहिजेत. पानिपतच्या वार्तेचा धसका घेऊन नानासाहेब पेशवे जून १७६१ मध्ये पर्वतीवर वारले, असे आपण वाचत आलो. पण तो शोक होता. शोकात गेलेले माणूस हवेसे वाटते, त्याची आठवण आपण मुद्दाम काढतो. धसक्यात आठवण नकोशी असते आणि तीच नेमकी न बोलावता येते. तसेच नापिकीची, सावकाराच्या तगाद्याची काळजी ही पुढे काय होईल याची असते. धसका हा होऊन गेलेल्या गोष्टीचा असतो. चमत्कार असा की, ती गोष्ट होऊन गेली हे डोक्याला पटलेले असते, शरीराला पटलेले नसते.

सोनाळ्याच्या श्रोत्यांना उदाहरणासाठी दूर नेण्याचे कारण नाही. गावाच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. वर आंबाबरव्याचे जंगल आहे. त्याला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाघ-बिबट्यांची नावे मोठी, परंतु पायथ्याच्या शेतकऱ्याला खरी धास्ती असते ती अस्वलाची. चैत्रात मोह गळू लागतो. पहाटे माणूस टोपली घेऊन झाडाखाली जातो आणि अस्वलही त्याच वेळी तेथे आलेले असते. हा प्राणी माणसाच्या मागे लागून शिकार करणारा नव्हे. उधई, मध, बोरे, मोहाची फुले हे त्याचे खाणे. पण नजर अधू, आणि खाण्यात गुंग असला म्हणजे आजूबाजूचे भान नाही. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि लागला म्हणजे तो बिथरून उभा राहतो व थेट तोंडावर, डोक्यावर झडप घालतो. दोनचार मिनिटांचाच हा मामला.

असा एक शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. त्याला आम्ही नाव देत नाही, कारण तो कोणी एक नव्हे. पुढील वर्णनातला काही भाग पायथ्याच्या अनेक गावांत अनेक घरी सापडेल. हरभऱ्याला पाणी द्यायला तो रात्री गेला, कारण वीज रात्रीची होती. बांधावर अस्वलाशी गाठ पडली. ओरडा ऐकून शेजारचे जागली धावले, म्हणून वाचला. टाळूला व गालाला टाके पडले, एक महिना अकोल्याच्या दवाखान्यात गेला. घरी आला तेव्हा गावाने त्याला नशीबवान म्हटले, आणि त्याने मान डोलावली.

पुढे तीन महिन्यांनी काय दिसते? सूर्य कलला की हा माणूस कडी लावतो. झोप लागते ती पहाटे, आणि लागली की त्याच बांधावर नेऊन सोडते. ओरडून उठतो, अंग घामाने थबथबलेले. अंगणात सुकत टाकलेल्या मोहफुलांचा गोडसर आंबूस वास आला की त्याला मळमळते, म्हणून बायकोने मोह वेचणेच सोडले. कुत्रे भुंकले की हातातला पेला पडतो. एकदा लहान मुलाने मागून येऊन गळ्यात हात टाकले, तर बापाने वळून त्याला असा फटका मारला की पोर भिंतीवर जाऊन आदळले. आणि मग बापच कोपऱ्यात बसून थरथरत राहिला. सोनाजी महाराजांच्या यात्रेला जो दरवर्षी पुढे असे तो आता गर्दी नको म्हणतो. पारावर बसायचे तर पाठीमागे भिंत हवी. शेत दुसऱ्याला बटईने दिले. संध्याकाळी थोडी घेतली म्हणजे झोप येते असा शोध त्याला लागला, आणि थोडीचे प्रमाण वाढत गेले. बायको मजुरीला जाऊ लागली. गाव म्हणते, भरपाईचे पैसे मिळाले म्हणून आळशी झाला. सासुरवाडी म्हणते, दारूने बिघडला. तो स्वतः काहीच म्हणत नाही. आतून तो स्वतःला भित्रा म्हणत असतो, ही सर्वांत वाईट गोष्ट होय.

आता या पसाऱ्यात वैद्यांना एक रचना दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात असलेल्या रोगसूचीत धसक्याची मुख्य लक्षणे तीन सांगितली आहेत. पहिले, घडलेला प्रसंग आठवणे नव्हे, तर पुन्हा घडणे. स्वप्नात किंवा जागेपणी, जणू आता, येथे. दुसरे, त्याची आठवण देणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून दूर पळणे. तिसरे, संकट अजून टपून बसले आहे अशा समजुतीने सदैव सावध असणे, दचकणे. ही तिन्ही काही आठवडे टिकली आणि त्यांनी कामधंदा, घरसंसार यांत बिघाड केला, तर तो धसका. वरच्या शेतकऱ्याची कडी, मोहाचा वास, पाठीमागची भिंत ही तीनही खात्यांत बरोबर बसतात. दारू, चिडखोरपणा, मुलांविषयीही काही न वाटणे ही मागाहून येणारी मंडळी.

पहिले काही दिवस असे होणे यात रोग मुळीच नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. अस्वलाने फाडलेल्या माणसाला आठ दिवस झोप आली तर उलट आश्चर्य मानावे. पुष्कळांचे मन महिन्याभरात आपोआप शांत होते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की, जगातील सुमारे ७० टक्के माणसांच्या वाट्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा असा एखादा प्रसंग येतो, परंतु धसका त्यांतील थोड्यांनाच, म्हणजे शंभरांत पाचसहांना जडतो. आणि त्यांतीलही चाळीस टक्क्यांपर्यंत लोक वर्षाच्या आत बरे होतात. पण हाच आकडा उलटा वाचला, तर निम्म्याहून अधिक लोकांचे वर्ष तसेच जाते. शेतकऱ्याचे एक वर्ष म्हणजे एक खरीप आणि एक रब्बी.

असे का व्हावे? मेंदूच्या पोटात बदामाएवढी व बदामाच्याच आकाराची एक गाठ दोन्ही बाजूंना आहे. तिला आपण मेंदूचा जागल्या म्हणू. धोका दिसला की विचाराची वाट न पाहता ती आरोळी ठोकते. हृदय धडधडते, श्वास वाढतो, रक्त हातापायांकडे धावते, तोंडाला कोरड पडते. पळा, नाहीतर लढा. हेही नाही जमले तर माणूस जागच्या जागी थिजतो. आणि 'मी ओरडलोसुद्धा नाही' म्हणून जे पुढे स्वतःला दोष देतात त्यांनी ध्यानात घ्यावे की, ते थिजणे त्यांच्या मर्जीचे नव्हतेच. या जागल्याच्या शेजारी स्मरणाचा कारकून बसतो. कोणती गोष्ट कोठे, केव्हा, कशानंतर घडली याची तो नोंद ठेवतो. आणीबाणीच्या त्या दोनचार मिनिटांत आरोळी एवढी मोठी असते की कारकुनाचे लिहिणे विस्कटते. वास, आवाज, केसाळ अंगाचा स्पर्श हे सर्व खोल कोरले जाते, परंतु त्यावर तिथीवार पडत नाही. आपल्या साध्या आठवणींना पंचांग असते. या आठवणीला नसते. म्हणून ती वर आली की कालची वाटत नाही, आताची वाटते. मोहाचा वास आला, जागल्याने आरोळी ठोकली, आणि अंगणात बसलेल्या माणसाचे शरीर बांधावर जाऊन उभे राहिले.

पळण्याने हे वाढते कसे, ते शेतकऱ्यांना सांगण्यात आम्हालाच संकोच वाटतो, इतके ते त्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. नाल्याच्या पुलावर एकदा बुजलेला बैल दुसऱ्या दिवशीही त्याच पुलावर बुजतो. गाडीवानाने वाट बदलली तर बैल शांत राहतो खरा, पण पूल मात्र त्याच्या लेखी कायमचा भयंकर होऊन बसतो. पुढे कोणताही पूल चालत नाही. माणसाचेही असेच. बांध टाळला, मग शेत टाळले, मग शिव टाळली, मग अंगण. प्रत्येक टाळण्याबरोबर घटकाभर हायसे वाटते, आणि तेवढ्याच मोबदल्यात जगण्याची जागा एक पाऊल आत सरकते.

ही व्यथा नवी आहे असा एक समज आहे, तो खरा नाही. तिचे नाव मात्र नवे आहे. एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या अपघातांतून सहीसलामत वाचलेली माणसे वर्षानुवर्षे खचलेली दिसत, तेव्हा इंग्रज डॉक्टरांनी पाठीच्या कण्याला सूक्ष्म इजा झाली असावी असा तर्क केला. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी तोफगोळ्याच्या धक्क्याचा विकार या अर्थाचा शब्द वैद्यकीय नियतकालिकात छापला. परंतु लष्करी न्यायालयांना तो फारसा पटला नाही. ब्रिटिश सैन्यात पळपुटेपणा, भ्याडपणा अशा आरोपांवरून गोळी घातल्या गेलेल्या ३०६ सैनिकांना २००६ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, मरणोत्तर माफी मिळाली. त्यांतील किती जण धसक्याने आजारी होते, हे सांगण्यास आता ते स्वतः नाहीत. त्याच युद्धात पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत येथे डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात उपाशी लढल्या आणि मग कैदेत गेल्या. त्यांतून जे आपल्या मुलखाला परत आले ते रात्री कशाने दचकून उठत असतील, याची कल्पना करता येते. पुढे व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी व त्यांच्यासाठी झटणाऱ्या डॉक्टरांनी आग्रह धरला, तेव्हा १९८० मध्ये या रोगाला अमेरिकन मनोवैद्यांच्या ग्रंथात आजचे नाव मिळाले.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख किल्लारीने करून दिली. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शासकीय आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मेली. माणसे मारली ती खरे तर घरांनी. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद; ऊन-थंडीपासून पिढ्यानुपिढ्या राखणारे घर क्षणात ढिगारा झाले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. पण त्या मधल्या काळात दगडी घरात झोपायला माणसे तयार होईनात. घर शाबूत होते अशांनीही पत्र्याच्या आडोशाला किंवा उघड्यावर बिछाने टाकले. ट्रक गेला की लोक बाहेर धावत. भूकंपानंतर सुमारे महिन्याने मनोवैद्यांनी तेथील काही वाचलेल्यांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला; त्यांत धसका आणि औदासीन्य हे दोन प्रमुख होते. घरे बांधण्यास पैसा होता, सिमेंट होते, इंजिनिअर होते. घरात झोपण्याचे धैर्य कोणत्या खात्याने पुरवावे, याचे उत्तर तेव्हा सरकारी कागदांत सहज सापडणारे नव्हते.

लहान मुलांच्या बाबतीत धसका ओळखणे अधिक कठीण जाते. ती बोलून दाखवत नाहीत, खेळून दाखवतात. भूकंप पाहिलेले पोर काड्यापेट्यांचे घर रचते आणि पाडते, पुन्हा रचते आणि पाडते. त्या खेळात त्याच्या चेहऱ्यावर गंमत नसते. सुटलेली सवय परत येते, अंथरूण ओले होते, आई नजरेआड झाली की रडू फुटते. शाळेत लक्ष लागत नाही म्हणून मास्तरांचा मार बसतो, तो वेगळाच. मोठी माणसे 'लेकराला काय कळतं' म्हणून त्याच्यासमोरच प्रसंगाची वर्णने करीत बसतात, हे आम्ही पुष्कळ घरी पाहतो.

आपल्या जिल्ह्याला तर फार मागे जावयास नको. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी मरण पावले. आठ वाचले. अशा वेळी आपले लक्ष मृतांकडे आणि फार तर वाचलेल्यांकडे जाते. पण आगीच्या उजेडात प्रथम धावून आलेले लोक, बाहेर काढण्याचे काम करणारे पोलीस, रुग्णवाहिकेचे चालक, ओळख न पटणाऱ्या देहांपुढे उभे केलेले नातेवाईक यांनीही ते सर्व डोळ्यांनी पाहिले, नाकाने हुंगले. धसका घेण्यासाठी जखम होणे आवश्यक नसते. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात पश्चिम विदर्भाचे आणि बुलढाण्याचे नाव वारंवार येते. त्या घरी कर्जाची चर्चा होते, मदतीचा अर्ज होतो, परंतु सकाळी उठून बापाला त्या स्थितीत प्रथम पाहिले ते बारा वर्षांच्या मुलाने, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? आणखी एक गोष्ट सभेत बोलण्याची नाही असे मानतात, तरी ती बोललीच पाहिजे. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या स्त्रियांना धसका जडण्याचे प्रमाण सर्वांत अधिक आढळते, आणि तो धोका जंगलात नसून पुष्कळदा घराच्या भिंतींच्या आतच असतो. अस्वल निदान डोंगरात परत जाते. रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या भयाचे काय करावे, हा प्रश्न औषधापूर्वी संरक्षणाचा आहे.

घरातल्यांनी काय करावे, असे आम्हाला विचारले जाते. पहिले काही दिवस साध्या गोष्टींचे असतात: माणूस सुरक्षित जागी आहे ना, जेवला का, त्याच्याजवळ आपले कोणी बसले आहे का. तो बोलला तर ऐकावे. न बोलला तर खोदून विचारू नये. भेटीला येणारा प्रत्येक जण 'काय झालं, सांग पाहू' म्हणून पहिल्यापासून कथा वदवून घेतो. आपल्याकडे हा शिष्टाचारच झाला आहे. एके काळी तज्ज्ञांचेही मत असेच होते की, प्रसंगानंतर लगेच सर्वांना बसवून एकदा सगळे बोलून टाकायला लावावे म्हणजे मन मोकळे होते. पुढे काळजीपूर्वक चाचण्या घेतल्या तेव्हा त्याने धसका टळत नाही, काहींच्या बाबतीत तर तो वाढतो, असे दिसून आले. झोपेच्या गोळ्यांचेही तसेच. नेहमीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या या पहिल्या महिन्यात देऊ नयेत, असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. त्यांची सवय जडते आणि धसका मुळी हलत नाही. दारूविषयी निराळे सांगावयास नको. 'मर्दासारखा मर्द असून भितो' हे वाक्य मात्र घरातून कायमचे हद्दपार करावे, कारण आजारी माणूस ते स्वतःला दिवसातून शंभरदा ऐकवीतच असतो.

आपल्या जिल्ह्यात मनाच्या दुखण्याचा विषय निघाला की सैलानीचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. होळीच्या सुमारास तेथे किती दुरून माणसे येतात हे सर्वांस ठाऊक आहे. बाहेरचे लागले म्हणून आणलेल्यांत धसका घेतलेलेही असतील. आम्ही येथे श्रद्धेशी वाद घालीत नाही. दर्ग्यावर किंवा देवळात माणसाला एकटे वाटत नाही, ही देखील लहान गोष्ट नव्हे. पण साखळीने, माराने किंवा धुरी देऊन धसका जात नाही, त्यात नवा धसका मिळतो, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाने बांधण्यास स्पष्ट बंदी केली आहे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातारच्या दर्ग्यात दुवा आणि दवा दोन्ही मिळावी अशी सोय करण्यात आली. मुजावरांनीच रोग्याला शेजारच्या डॉक्टरकडे पाठवावयाचे. ही तडजोड आम्हाला शहाणपणाची वाटते.

आता उपचार. येथे पुन्हा तो बुजलेला बैल आठवावा. चांगला गाडीवान त्याला चाबकाने पुलावर हाकत नाही आणि वाटही बदलत नाही. जू काढून, वेसण हाती धरून त्याला पुलाच्या अलीकडे नेतो, थांबतो, मानेवर हात फिरवतो. बैलाचा श्वास खाली आला की दोन पावले पुढे. मनोवैद्यांची जी पद्धत सर्वांत गुणकारी ठरली तिचे सूत्र हेच आहे. आठवड्यातून एकदा अशा आठ ते पंधरा बैठका होतात. डॉक्टरांच्या सोबतीने, सुरक्षित खोलीत, रोगी तो प्रसंग स्वतःच्या तोंडाने सांगतो. आज थोडा, पुढल्या वेळी अधिक, पुन्हा पुन्हा. वर ज्या खोदून विचारण्याला आम्ही नको म्हटले त्याहून हे निराळे आहे, कारण येथे वेसण रोग्याच्याच हाती असते, वेग तो ठरवतो, आणि बैठक संपेपर्यंत श्वास खाली आणून मगच त्याला घरी धाडतात. असे सांगता सांगता स्मरणाचा कारकून अखेर आपले काम करतो. विखुरलेल्या वासांना, आवाजांना क्रम लागतो, तिथी लागते. बरोबरीने टाळलेल्या जागांची यादी करून सोप्याकडून अवघडाकडे जावयाचे: प्रथम दुपारी अंगणात, मग शिवेपर्यंत, मग कोणाला तरी बरोबर घेऊन दिवसा बांधावर. रात्री एकट्याने जंगलालगत जावे असे कोणताही डॉक्टर सांगणार नाही. तेथला धोका खरा आहे, आणि खऱ्या धोक्याला भिणे हा आजार नव्हे. डोळ्यांची हालचाल करवीत आठवण हाताळण्याची आणखी एक पद्धत अमेरिकेतील फ्रान्सीन शापिरो यांनी १९८० नंतरच्या दशकात काढली, तीही चांगली ठरली आहे. औदासीन्यावर देतात त्या वर्गातील काही औषधांचाही उपयोग होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने घ्यावी लागतात आणि त्यांची नशा चढत नाही.

हे सर्व मुंबई-पुण्याचे झाले, आमचे गाव जिल्ह्याच्या टोकाला, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. जगभरच्या गरीब व मध्यम देशांत धसक्याच्या चार रोग्यांपैकी एकच उपचार शोधतो, असा अंदाज आहे. तरी वाटा पूर्वीपेक्षा जवळ आल्या आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामार्फत जिल्हा रुग्णालयात ही सेवा मिळते. २०१५ पासून शासनाने शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघरी विचारपूस करावी अशी योजना होती. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. रात्री-अपरात्री, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते. रात्री तीन वाजता दचकून उठलेल्या माणसाला सकाळपर्यंत थांबावे लागत नाही, एवढाही फरक मोठा आहे.

एक सूचना आम्हाला गावच्या कारभाऱ्यांपुढे मुद्दाम ठेवावयाची आहे. वन्यप्राण्याने माणसाला जखमी केले तर वनखाते पंचनामा करते आणि भरपाई देते. टाके मोजता येतात, मोडलेले हाड फोटोत दिसते. पण शेत पडीक पडते ते टाक्यांमुळे नव्हे. पंचनाम्यानंतर महिन्याने, आणि पूर, आग, अपघात अशा प्रसंगांनंतरही, आशाताईने त्या घरी एकदा जावे व पाच गोष्टी विचाराव्यात. यासाठी डॉक्टरांनी तयार केलेली प्रश्नावली फार छोटी आहे आणि 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मागते. गेल्या महिन्याभरात त्या प्रसंगाची स्वप्ने पडली का, किंवा नको असता तो डोळ्यांपुढे आला का? तो आठवू नये म्हणून किंवा त्याची आठवण देणारी जागा टाळण्यासाठी खटपट करावी लागली का? सदा सावध राहणे, उगाच दचकणे होते का? माणसांपासून, कामापासून, सभोवतीच्या जगापासून तुटल्यासारखे वाटते का? जे झाले त्याबद्दल स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणे थांबत नाही, असे होते का? पाचांपैकी तीन उत्तरे 'हो' आली, तर आशाताईने चिठ्ठी लिहून त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि पहिल्या खेपेस शक्य तर स्वतः बरोबर जावे. विचारताना घरातल्या बाकीच्यांना थोडे बाहेर बसवावे लागेल. बायकोसमोर पुरुष 'हो' म्हणत नाही, आणि सासूसमोर सून.